तज्ज्ञ-परीक्षण (संशोधन-नियतकालिके)

संशोधन-नियतकालिकाकडे आलेला लेख छापण्यापूर्वी तो त्याच विषयात काम करणाऱ्या, परंतु लेखकाशी हितसंबंध नसलेल्या अभ्यासकांकडून तपासून घेण्याच्या पद्धतीस तज्ज्ञ-परीक्षण असे म्हणतात. महाविद्यालयांत 'पीअर रिव्ह्यू' हाच शब्द अधिक ऐकू येतो. अशा रीतीने तपासलेले लेख छापणाऱ्या नियतकालिकास 'पीअर रिव्ह्यूड' किंवा 'रेफर्ड' जर्नल म्हणतात. परीक्षणातून पार पडलेल्या लेखातील निष्कर्ष सत्य असल्याची ग्वाही या पद्धतीतून मिळत नाही. लेखकाने पुरावा मांडला आहे, तो पुरावा निष्कर्षाचा भार पेलू शकतो आणि विषय जाणणाऱ्या दोघातिघांनी तो वाचून शंका विचारल्या आहेत, एवढेच तिच्यातून निष्पन्न होते. प्रत्यक्षात हे 'एवढेच' पुष्कळ असते, आणि ते न करता केल्याचे भासवणाऱ्या नियतकालिकांमुळे गेल्या दोन दशकांत भारतातील उच्च शिक्षणाचे मोठे नुकसान झाले आहे.

संज्ञा

इंग्रजीतील 'पीअर' या शब्दात बरोबरीचा, समान दर्जाचा असा अर्थ आहे. मराठीत काही लेखक म्हणूनच 'समसमीक्षा' हा शब्द योजतात. 'तज्ज्ञ-परीक्षण' हा शब्द समजण्यास सोपा असला, तरी त्यात बरोबरीची छटा हरवते आणि परीक्षक हा लेखकाहून वरिष्ठ असतो असा गैरसमज होऊ शकतो. वास्तविक आज एखाद्याच्या लेखाचे परीक्षण करणारा अभ्यासक उद्या स्वतःचा लेख त्याच नियतकालिकाकडे पाठवतो आणि त्याचे परीक्षण कदाचित पहिला लेखकच करतो. 'समवयस्क पुनरावलोकन' हे यंत्राने केलेले भाषांतर मात्र सर्वस्वी चुकीचे आहे. येथे वयाचा काही संबंध नाही.

प्रक्रिया

लेख नियतकालिकाकडे आल्यावर प्रथम संपादक तो वाचतो. लेखाचा विषय नियतकालिकाच्या कक्षेत बसतो का, त्यात काही नवीन सांगितले आहे का, दुसऱ्याचा मजकूर उचललेला नाही ना, एवढे या टप्प्यावर पाहिले जाते. पुष्कळसे लेख येथूनच परत जातात. उरलेल्या लेखांसाठी संपादक दोन किंवा तीन परीक्षक शोधतो. हे काम वाटते तितके सोपे नाही. परीक्षकाला बहुधा मानधन मिळत नाही, आपला वेळ खर्चून दुसऱ्याचा लेख ओळ न् ओळ वाचावा लागतो आणि त्याचे श्रेयही जाहीरपणे मिळत नाही. अनेकजण नकार देतात, काहीजण होकार देऊन महिनोन्महिने गप्प बसतात. लेख पाठवल्यापासून निर्णय कळेपर्यंत सहा महिने किंवा वर्ष जाते, त्याचे मुख्य कारण हेच.

परीक्षक नेमके काय पाहतो, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. साताऱ्याजवळच्या कास पठारावर एक फुलझाड सापडले आणि ती नवी जाती आहे, असा दावा करणारा लेख एका वनस्पतिशास्त्रीय नियतकालिकाकडे आला, असे समजू. (कास पठार २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांसह जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. जांभा खडकाच्या या पठारावर पावसाळ्यात उगवणाऱ्या अनेक वनस्पती अत्यंत मर्यादित प्रदेशातच आढळतात.) परीक्षकाचा पहिला प्रश्न असतो : या झाडाची तुलना त्याच्या जवळच्या जातींशी केली आहे का, आणि ती केवळ छायाचित्रांवरून की प्रत्यक्ष नमुन्यांवरून? फरक म्हणून सांगितलेली लक्षणे, उदाहरणार्थ पानाची लांबी, एका झाडात पाहिली की पन्नास झाडांत? पाऊस कमी पडलेल्या वर्षी तीच जात खुजी राहते, त्यामुळे एका हंगामातील मोजमापांवर विसंबता येत नाही. ज्या नमुन्यावरून जातीचे वर्णन केले तो वाळवून कोणत्या वनस्पतिसंग्रहालयात ठेवला आहे? वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १९९० पासून हा प्ररूप-नमुना कोठे आहे हे सांगितल्याशिवाय नव्या जातीचे नाव ग्राह्य धरले जात नाही. वर्णन लॅटिन किंवा इंग्रजी भाषेत हवे. २०१२ पूर्वी लॅटिनच आवश्यक होती. साताऱ्याचे नाव धारण करणारी 'अपोनोजेटॉन सातारेन्सिस' ही पाणवनस्पती १९८२ मध्ये अशाच रीतीने नव्या जातीच्या रूपाने नोंदली गेली. तिच्या फुलोऱ्याचा आकार इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा दुभंगलेला असल्याने तिला स्थानिक लोक 'वायतुरा' म्हणतात.

परीक्षक आपला अभिप्राय संपादकाकडे लेखी पाठवतो. चांगल्या अभिप्रायात प्रथम लेखाचे म्हणणे दोनचार वाक्यांत स्वतःच्या शब्दांत मांडलेले असते. त्यावरून परीक्षकाने लेख वाचला व त्याला तो समजला, हे संपादकाला कळते. त्यानंतर मुख्य आक्षेप व शेवटी किरकोळ चुका येतात. 'लेख उत्तम आहे, छापावा' हा एका ओळीचा अभिप्राय संपादकाच्या काहीच उपयोगाचा नसतो. 'लेख टाकाऊ आहे' हाही नसतो.

अभिप्रायांवरून संपादक चारपैकी एक निर्णय देतो : लेख आहे तसा स्वीकारणे, किरकोळ दुरुस्त्या सुचवणे, मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा पाठवण्यास सांगणे अथवा नाकारणे. पहिला निर्णय क्वचितच मिळतो. मोठ्या दुरुस्त्या सांगितल्या गेल्या की नवोदित लेखक हताश होतात. पण लेख अजून विचाराधीन आहे, हाच त्याचा अर्थ असतो. लेखकाने प्रत्येक आक्षेपाला मुद्देसूद उत्तर द्यावे लागते. आक्षेप मान्य असल्यास दुरुस्ती कोठे केली ते दाखवायचे आणि मान्य नसल्यास का नाही ते सकारण सांगायचे. परीक्षक निर्णय देत नाही, सल्ला देतो. दोन परीक्षकांची मते परस्परविरुद्ध आली, तर तिसऱ्याचे मत घ्यायचे की स्वतः ठरवायचे, हा अधिकार व ही जबाबदारी संपादकाची असते.

नावे झाकण्याच्या पद्धती

परीक्षकाचे नाव लेखकाला कळू न देणे ही एकेरी गुप्ततेची पद्धत होय. विज्ञानशाखांत ती रूढ आहे. दोघांनाही एकमेकांची नावे न कळू देण्याच्या पद्धतीस दुहेरी गुप्तता म्हणतात. मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांत तिचा प्रसार अधिक आहे. विद्यापीठीय परीक्षेत उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याच्या नावाऐवजी क्रमांक असतो, त्यामागे हेच तत्त्व आहे. काही नियतकालिके याउलट सर्व काही उघड ठेवतात. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने १९९९ पासून परीक्षकांनी स्वतःच्या नावानिशी अभिप्राय द्यावा अशी प्रथा पाडली.

दुहेरी गुप्तता लहान विषयांत फारशी टिकत नाही. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या दप्तरातील मोडी कागदांवर आज नव्याने लिहू शकणारे अभ्यासक मोजकेच असतील. त्यांच्यापैकी एकाचा लेख दुसऱ्याकडे परीक्षणास गेला, तर नाव झाकले असूनही कागदांच्या निवडीवरून आणि लेखनाच्या धाटणीवरून लेखक ओळखू येतो. मराठीत लिहिल्या जाणाऱ्या बहुतेक संशोधनाची हीच अडचण आहे. तज्ज्ञ थोडे असतात, ते एकमेकांना ओळखतात आणि स्नेह किंवा जुना वाद यांपैकी काहीतरी मध्ये येतेच. अशा वेळी हितसंबंध असल्याचे परीक्षकाने आपण होऊन कळवणे अपेक्षित असते.

इतिहास

लंडनच्या रॉयल सोसायटीचे 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक १६६५ मध्ये हेन्री ओल्डेनबर्ग याने सुरू केले. त्यात काय छापायचे हे आरंभी तोच ठरवीत असे. १७५२ मध्ये संस्थेने त्यासाठी समिती नेमली. लेखांवर लेखी अहवाल मागवण्याची कल्पना विल्यम ह्यूएल याने १८३१ मध्ये मांडली. पहिल्याच लेखाच्या वेळी ह्यूएल आणि त्याचा सहपरीक्षक जॉन लबक यांचे एकमत होईना, ही गोष्ट या पद्धतीचे स्वरूप पाहता अगदी यथायोग्य म्हणावी लागेल. तरीही सर्व लेख बाहेरच्या तज्ज्ञांकडे पाठवण्याची सक्ती फार उशिरा आली. डीएनएच्या रचनेविषयीचा वॉटसन व क्रिक यांचा १९५३ चा सुप्रसिद्ध लेख 'नेचर'ने परीक्षकांकडे न पाठवताच छापला होता. त्या नियतकालिकात ही पद्धत नियमित झाली ती १९७३ पासून.

सातारा व सांगली परिसरातील पूर्वपरंपरा

या अर्थाची परीक्षणपद्धती एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात नव्हती. पण एका अभ्यासकाने दुसऱ्याचा पुरावा तपासण्याची परंपरा होती आणि तिच्या इतिहासात सातारा, वाई व मिरज ही गावे वारंवार येतात. साताऱ्यास ब्रिटिश रेसिडेंट म्हणून राहिलेल्या जेम्स ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील विधानांची मराठीतून कसून तपासणी नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी केली, ती १८६० च्या दशकात, स्वतः विद्यार्थी असताना. म्हणजे ग्रंथ निघाल्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी. तोवर त्यातील बरे-वाईट सर्व काही प्रमाण मानले जात होते.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये वाईहून निघाला. वाई येथे मिळालेल्या दप्तरातील, पानिपतच्या लढाईपर्यंतच्या काळातील पत्रे त्यात आहेत. राजवाड्यांनी निष्कर्षांबरोबर मूळ पत्रेच छापली आणि समकालीन पत्रांच्या कसोटीवर बखरींतील चुका दाखवल्या. मूळ कागद समोर असल्याने राजवाड्यांचे म्हणणे तपासणे इतरांना शक्य झाले, आणि त्यांच्या काही मतांचे पुढे खंडनही झाले. आज नियतकालिके लेखासोबत मूळ आकडेवारी उपलब्ध करून देण्याचा आग्रह धरतात, तो याच कारणासाठी. मिरज येथे शाळेत संस्कृत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला, तोही याच वृत्तीने. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १९०८ पासून 'इतिहाससंग्रह' हे मासिक चालवले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाल्यावर सभांमध्ये निबंध वाचून त्यांवर चर्चा होऊ लागली. तेथील टीका तोंडी व नावानिशी होत असे, आणि ती सौम्य असतेच असे नाही.

लेख छापण्यापूर्वी अनेक हातांतून तपासून घेण्याची मराठीतील सर्वांत मोठी व्यवस्था वाई येथेच उभी राहिली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. परिभाषासंग्रहाचा खंड १९७३ मध्ये आणि पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रथम विषयवार नोंदींच्या याद्या, मग बाहेरील तज्ज्ञांकडून लेखन, त्यानंतर संपादकीय विभागात तपासणी व भाषेचे संस्करण, असा तो क्रम होता. काही नोंदी मुळात इंग्रजीत लिहून आल्या व नंतर मराठीत आणल्या गेल्या. तेथे लेखकाच्या नावापुढे 'इं.' व भाषांतरकाराच्या नावापुढे 'म.' अशी अक्षरे आढळतात. कोणत्या मजकुराची जबाबदारी कोणाची, हे त्या दोन अक्षरांनी वाचकाला कळते. तथापि ही व्यवस्था म्हणजे नियतकालिकाचे तज्ज्ञ-परीक्षण नव्हे. ज्ञानकोशात प्रस्थापित ज्ञान अचूक मांडले आहे की नाही हे पाहिले जाते, तर नियतकालिकात आजवर कोणी न केलेला दावा टिकतो की नाही हे पाहायचे असते.

मर्यादा

परीक्षकाने केलेली टीका लेखकाला नेहमीच रुचते असे नाही. १९३६ मध्ये आल्बर्ट आइन्स्टाइन व नेथन रोझेन यांनी गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नसल्याचे प्रतिपादन करणारा लेख अमेरिकेतील 'फिजिकल रिव्ह्यू'कडे पाठवला. संपादक जॉन टेट यांनी तो परीक्षकाकडे पाठवला आणि परीक्षकाने त्यात चूक दाखवली. आपला लेख छापण्याआधी दुसऱ्यास दाखवलाच का, असे विचारून आइन्स्टाइन यांनी तो परत घेतला. पुढे तो दुसऱ्या नियतकालिकात आला, तेव्हा त्यातील निष्कर्ष बदललेला होता. चूक दाखवणारे परीक्षक हॉवर्ड रॉबर्टसन होते, हे पुष्कळ वर्षांनी नियतकालिकाच्या जुन्या नोंदवह्यांवरून उघड झाले. बलाढ्य नावापुढेही परीक्षक झुकला नाही, म्हणून हे उदाहरण वारंवार दिले जाते.

उलट बाजूची उदाहरणेही आहेत. गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एकत्रित लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये १९९८ साली परीक्षणानंतरच छापला गेला. तो मागे घेण्यास २०१० साल उजाडले. तोवर अनेक देशांत पालक मुलांना लस देण्यास कचरू लागले होते. परीक्षक लेखकाने दिलेली माहिती प्रामाणिक आहे असे गृहीत धरूनच वाचतो. रुग्णांच्या नोंदी किंवा प्रयोगवह्या तो तपासू शकत नाही. त्यामुळे तर्कातील दोष सापडतो, रचलेली आकडेवारी सहसा सापडत नाही. याशिवाय प्रस्थापित मताविरुद्ध जाणाऱ्या लेखांविषयी परीक्षक अकारण कठोर होतात, प्रतिस्पर्ध्याचा लेख मुद्दाम रखडवतात, अशा तक्रारीही जुन्याच आहेत.

परीक्षणाचा आभास

वर सांगितलेले दोष प्रामाणिक पद्धतीतील आहेत. परीक्षण मुळीच न करता, पैसे घेऊन चार दिवसांत लेख छापणारी नियतकालिके हा निराळा प्रकार आहे. 'सायन्स' या नियतकालिकाने २०१३ मध्ये जाणूनबुजून ढोबळ चुका ठेवलेला एक बनावट लेख ३०४ नियतकालिकांकडे पाठवून पाहिला. १५७ जणांनी तो स्वीकारला. त्या ३०४ पैकी सुमारे एक-तृतीयांश नियतकालिके भारतातील होती.

भारतात या धंद्याला बाजारपेठ मिळाली ती नियमांमुळे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या विनियमांत अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांकन आणले. २०१८ च्या विनियमांनुसार एका शोधलेखास विज्ञानशाखेत ८ आणि भाषा व सामाजिक शास्त्रांत १० गुण मिळतात. २०१६ च्या नियमांनुसारही पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक तरी लेख प्रसिद्ध होणे आवश्यक होते. ही अट २०२२ मध्ये काढण्यात आली. आठवड्याला भरगच्च तासिका, परीक्षांची कामे आणि अपुरे ग्रंथालय यांतून वेळ काढणाऱ्या ग्रामीण भागातील अध्यापकाकडून संशोधन-विद्यापीठातील प्राध्यापकाइतकेच लेख अपेक्षित धरले गेले. सातारा व सांगली जिल्ह्यांतील बहुतेक महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि तेथील अध्यापकांनाही हेच नियम लागू झाले. महाराष्ट्रभर एकदिवसीय 'राष्ट्रीय' चर्चासत्रांचे पेव फुटले. नोंदणी शुल्कातच लेख छापून देण्याची हमी मिळू लागली. तीनचारशे पानांचा विशेषांक चर्चासत्राच्या दिवशीच हाती पडतो, तेव्हा त्यातील लेख कोणी आणि कधी तपासले, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

यात खरा तोटा प्रामाणिक अध्यापकाचा होतो. वर्षभर खपून, दोनदा दुरुस्ती करून छापलेल्या त्याच्या एका लेखाला जेवढे गुण, तेवढेच पैसे भरून आठवड्यात छापलेल्या लेखाला मिळतात. विद्यार्थ्याचे नुकसान वेगळे. असा लेख तो संदर्भ म्हणून वापरतो, आणि त्यातील चूक पुढच्या प्रबंधात जाते.

आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी प्रसिद्ध केली. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या व तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असू शकतात असे आढळले. त्याच वर्षी मे महिन्यात ४,३०५ नावे वगळण्यात आली. त्यानंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षाच्या साहाय्याने 'यूजीसी-केअर' ही नवी यादी २०१९ पासून लागू झाली. ती येताच तिच्यातील नियतकालिकांच्या नावाने हुबेहूब बनावट संकेतस्थळे निघाली.

नियतकालिक खरे की बनावट हे ओळखण्यासाठी 'आयएसएसएन' क्रमांक पाहून भागत नाही. तो क्रमांक केवळ नोंदणीचा आहे, दर्जाचा नव्हे. संपादक मंडळातील व्यक्तींना आपले नाव तेथे असल्याचे ठाऊक आहे का, लेख केव्हा आला आणि केव्हा स्वीकारला या तारखा छापल्या आहेत का, दोन्हींत किती अंतर आहे, एकाच अंकात हळदीवरील रोग, संत साहित्य आणि बँकांची थकबाकी असे विषय एकत्र आले आहेत का, हे पाहणे अधिक उपयोगी ठरते. लेखकाला परीक्षकाचा लेखी अभिप्राय मिळाला होता का, हा प्रश्न तर सर्वांत सोपा आहे.

२०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने 'केअर' यादी बंद केल्याचे जाहीर केले आणि नियतकालिक निवडण्यासाठी काही मापदंड सुचवून निर्णय शिक्षणसंस्थांकडे सोपवला. त्यामुळे कोणत्या नियतकालिकातील लेख ग्राह्य धरायचा, हे आता विद्यापीठांना व महाविद्यालयांना स्वतःच ठरवावे लागते.